सहासष्टचं मशीन

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आजवर जेवढे कंप्युटर आले, त्यांत सगळ्यात भारी कोणाचा, हा प्रश्न हिरामणच्या मते तीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता. भारी त्याचा स्वतःचा. फोर एटी सिक्स, चौदा इंची मॉनिटर, दोन फुटी उभा कॅबिनेट, कॅबिनेटच्या पुढ्यात टर्बोचं बटण आणि बटणाच्या वर लाल दिव्यांत उजळणारा आकडा, सहासष्ट. म्हणजे वेग सहासष्ट मेगाहर्ट्झ. हल्ली खिशातल्या फोनचा वेगसुद्धा याच्या कितीतरी पट असतो, असं कोणी सांगितलं की हिरामण विचारी, "फोनवर आकडा दिसतो का? नाय ना? मग कशावरून?"

एवढं विचारून तो वाद जिंकल्यासारखा चहा मागवी.

या एका मशीनवर त्यानं पेणमध्ये अठरा वर्षं क्लास चालवला. पोरांनी चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, हात कोरडे आहेत ना ते दाखवायचं आणि मगच कीबोर्डसमोर बसायचं. प्रिंटर सुरू झाला की शेजारच्या पोह्याच्या गिरणीतली माणसं आवाजाची तक्रार घेऊन येत. मशीनला धूळ लागू नये म्हणून त्याच्या बायकोनं, जनीनं, आपल्या जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता. दर खंडेनवमीला ती मशीनची पूजा करी. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. त्या अक्षता ती थेट फ्लॉपीच्या फटीत सोडायची.

"डोक्यावर टाक गो, तोंडात कशाला?" हिरामण दरवर्षी कळवळून सांगे.

"तोंड दिलंय तर तोंडातच घालायचं," जनी दरवर्षी म्हणे, आणि चिमूटभर अक्षता आत जात.

क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. मशीन माळ्यावर गेलं, तरी अक्षता काही चुकल्या नाहीत. जनी शिडी लावून चढायची. जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप मात्र जोरात चालला होता. तिथं दर आठवड्याला वाद पेटे. आपल्या आयुष्यात फरक कशानं पडला? नमिता म्हणे प्रिंटरनं, दुसरा कोणी म्हणे पेंटियमनं, तिसऱ्याला अजून गोळीवाला माऊस स्वप्नात दिसे. आणि या सगळ्यांच्या वर दोन म्हातारे भांडत. एक हिरामण आणि दुसरा रोह्याचा कमरुद्दीन.

कमरुद्दीन हा हिरामणचा जिवाभावाचा दोस्त. तरुणपणी सौदीत दम्मामला नोकरी करून आलेला, पुढे धाटावच्या एका कंपनीत यंत्रं सांभाळणारा. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, तसा हा स्क्रूड्रायव्हर लावी. हिरामणचं ते सहासष्टचं मशीन सुटे भाग जोडून त्यानंच बांधलं होतं. कारण हिरामणला शिकवता उत्तम येई, पण बल्ब बदलायचा तरी तो शेजाऱ्याला हाक मारी. कमरुद्दीनच्या स्वतःच्या घरी मात्र दम्मामहून आणलेलं एक छोटं यंत्र होतं. नुसता जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा, आणि प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या खाली अरबी अक्षर. त्याचा मुलगा उबेद आणि मोहल्ल्यातली निम्मी पोरं त्याच्यावर शिकली. एक रविवार हिरामण एसटीनं रोह्याला जाई, पुढच्या रविवारी कमरुद्दीन पेणला येई, आणि चहावर चहा पीत दोघं आपापल्या मशीनची बाजू घेऊन तावातावानं भांडत. हे अठ्ठावीस वर्षं चाललं.

दोन वर्षांपूर्वी कमरुद्दीननं ग्रुपवर आपल्या अरबी यंत्राचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात भारी मशीन.' हिरामणनं लिहिलं, 'ते मशीन नव्हतं, खेळणं होतं.' तिथं थांबला असता तर तो हिरामण कसला? त्यानं पुढे लिहिलं की ज्याला फोर एटी सिक्स परवडलं नाही त्यानं टीव्हीला डबडं जोडून कंप्युटरवाल्यांच्या पंगतीत बसू नये. ग्रुपवर आठ-दहा हसरे चेहरे उमटले. त्यांच्या खाली एक राखाडी ओळ आली, कमरुद्दीन यांनी ग्रुप सोडला.

त्यानंतर रविवार बंद. हिरामण वाद जिंकला होता. पण वाद जिंकल्यावर भांडायला समोर कोणी उरत नाही, ही अडचण त्याला कोणी आधी सांगितली नव्हती. रविवारी सकाळी तो अजून धुतलेला शर्ट घालायचा, ओट्यावर बसायचा आणि बारा वाजले की शर्ट काढून ठेवायचा. जनी आता कप दोनच विसळायची, पूर्वी तीन विसळायची.

आणि मग गणपतीला आठवडाभर राहिला असताना नमितानं ग्रुपवर दोन बातम्या टाकल्या. येत्या रविवारी क्लासला तीस वर्षं झाल्याचा मेळावा, पेणला. आणि दुसरी, कमरुद्दीन सर शुक्रवारच्या विमानानं मस्कतला उबेदकडे चाललेत, कायमचे, तेव्हा त्यांना येता येणार नाही.

हिरामणनं ती दुसरी बातमी तीनदा वाचली. मग 'ठीक' असं लिहिलं. मग ते पुसून लिहिलं, 'मेळाव्यात मी माझं मशीन सर्वांसमोर सुरू करून दाखवणार. सहासष्ट!' मग माळ्यावरून मशीन उतरवलं, जोडलं आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही, सहासष्ट तर नाहीच.

"आता वो?" जनीनं विचारलं.

"आता काय. रोह्याला न्यावं लागल, कमरूकडं. नाइलाज हाय."

"पेणमधी दुरुस्तीवाले सात जण बसलेत."

"ते लॅपटॉपवाले. ह्याला ज्यानं बांधलं त्यानंच उघडायचं."

"नाइलाज म्हणं," जनी आत जाता जाता म्हणाली. "बंद पडलं त्येचं तुमालाच बरं वाटलं."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे हिरामणला राग आला. शुक्रवारच्या आत त्याला कमरूला भेटायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. पण चुकलं हा शब्द त्याच्या तोंडून अजून कधी निघालेला नव्हता. बिघडलेलं मशीन पुढे करून तो शब्द कुठंतरी मागून सरकवता येईल, एवढीच त्याची योजना होती.

रोह्याकडे जाणारं वाहन मिळालं जगनचं. जगनकडे छोटा हत्ती होता, म्हणजे ते छोटं मालवाहू वाहन, आणि या दिवसांत तो पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. बुधवारी त्याच्याकडे चार मूर्ती होत्या, एक गडबला, तीन नागोठण्याला. हिरामणनं त्याला मॉनिटर आणि कॅबिनेट दाखवला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "जगन, हे साधं सामान समजू नको. गणपतीसारखंच बांध. तेवढीच काळजी घ्यायची."

जगन सांगितल्या कामाचा माणूस. त्यानं दोन्ही वस्तू पेंढ्यात बसवल्या, सुतळीनं आवळल्या, वरून मूर्तींना लावलेलंच पिवळं कापड पांघरलं आणि मागे लोंबणारी वायर नीट गुंडाळून खोचली. सहा पिवळे बोचके ओळीनं उभे राहिले. वाटेत एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला. त्यात मॉनिटरलाही वाटा मिळाला.

हिरामण पुढे ड्रायव्हरशेजारी बसून पहिलं वाक्य जुळवत होता. 'कमरू, मशीन बंद पडलंय' हे फार कोरडं होत होतं. 'कमरू, मस्कतला फार उकाडा असतो म्हणे' हे चौकशीसारखं वाटत होतं. 'कमरू, झालं गेलं' इथपर्यंत गाडी आली की पुढे 'गंगेला मिळालं' असं यायचं, आणि ते दोन वर्षं थांबलेल्या माणसाला सांगायला बरं नव्हतं. या जुळवाजुळवीत गडब आलं, जगन उतरला, शांती आजीच्या घरात एक बोचकं पोचवून आला, नागोठणं आलं, तिथं तीन पोचवली, आणि हिरामणला कशाचाच पत्ता लागला नाही.

रोह्यात कमरुद्दीनच्या घराचं दार उघडंच होतं. ओसरीवरच्या दिवाणावर दोन मोठ्या बॅगा आ वासून पडल्या होत्या आणि त्याची बायको आमना त्यांत लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून बसवत होती. बॅगा बघितल्या आणि हिरामणची सगळी वाक्यं पुसली गेली. कमरुद्दीन आतून आला. दाढी पांढरी झालेली, पण खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. जगननं दोन बोचकी आणून मधे ठेवली.

"मशीन," हिरामण म्हणाला. दोन वर्षांनी निघालेला पहिला शब्द हा असा.

कमरुद्दीन खाली बसला. मॉनिटरचं कापड सोडलं, काचेवरून हात फिरवला. हिरामणला वाटलं, आता जरा दिमाख दाखवायला हरकत नाही. दुसऱ्या बोचक्याचं कापड त्यानं स्वतः धरलं आणि पडदा उघडावा तसं वर उचललं.

आतून गणपती बाप्पा प्रसन्न मुद्रेनं त्याच्याकडे बघत होते.

कमरुद्दीन शांतपणे म्हणाला, "हिरामण, तुझ्या मशीनला सोंड कधी फुटली?"

आमनानं आधी बॅग दिवाणावरून खाली घेतली, स्वच्छ चादर पसरली आणि जगनला खुणेनं सांगितलं की मूर्ती जमिनीवर नको, वर ठेव. जगनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "सर," तो म्हणाला, "मग मी गडबला काय उतरवलं?"

आपल्याकडे मूर्ती आधी आणली तरी तिच्या तोंडावरचं कापड चतुर्थीला पूजेच्या वेळीच काढतात. म्हणजे शांती आजीच्या घरात आता सहासष्टचं मशीन पाटावर विराजमान होतं, आणि तोवर तिथं कोणी कापड उचलणार नव्हतं. चतुर्थीला भटजी कापड उचलतील तेव्हा काय होईल, याचा विचारसुद्धा हिरामणला करवेना.

"चल," कमरुद्दीन उठला.

"तू कशाला? तुझं सामान..."

"मूर्ती एकटी मागं हिंदकळंल. एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी."

अशा रीतीनं दोन वर्षं न बोललेले दोन म्हातारे छोट्या हत्तीच्या मागच्या हौद्यात, पेंढ्यावर मांडी घालून, मधे झाकलेला गणपती धरून बसले. बाप्पा मधे असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. त्यामुळे बोलणं जरा सोपं गेलं.

"काय झालंय मशीनला?" गणपतीच्या पलीकडून आवाज आला.

"दिवाच लागत नाय."

"माळ्यावर ठेवलं असशील."

"मग काय डोक्यावर ठेवू? तुझं ते... तुझं ते अरबीवालं कुठं ठेवलंय?" खेळणं हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो हिरामणनं गिळला.

"बॅगेत. लोणच्याच्या खाली." कमरुद्दीननं मूर्तीचं सरकलेलं कापड नीट केलं. "उबेद म्हणाला, अब्बा, बाकी काय नाय आणलं तरी चालंल, ते आणा. त्याच्या पोरीला दाखवायचंय."

नागोठण्यानंतर हायवे लागला आणि गाड्यांच्या रांगेत छोटा हत्ती मुंगीच्या पावलांनी सरकू लागला. सवयीनं हिरामणचा जुना सूर लागलाच. "माझं चालू व्हायलाच पायजे रे. रविवारी सगळी पोरं येणार. सहासष्ट बघायला येतायत ती."

"हिरामण, हा हायवे कितवा?"

"सहासष्ट नंबरचा. का रे?"

"आणि आपण कितीनं चाललोय?"

हिरामणनं बाहेर बघितलं. शेजारून एक सायकलवाला पुढे निघून गेला. "पाच-सहा," तो म्हणाला.

"मग," असं म्हणून कमरुद्दीननं मूर्तीवरची पकड घट्ट केली. हिरामणला त्यातलं काही कळलं नाही. पण पाठीला पेंढा टोचत होता, हात भरून आले होते आणि तरीही गडब लवकर येऊ नये असं त्याला वाटत होतं. दोन वर्षांतला हा त्याचा पहिला रविवार होता, वार बुधवार असला म्हणून काय झालं.

शांती आजी दारातच उभ्या होत्या, आणि चांगल्याच घाबरलेल्या होत्या. जगनला बघताच त्यांनी तोंड सोडलं. "कसली मूर्त दिलीस रं मला? मागं वायर बगितली. मला वाटलं, औंदा लायटिंगवाली धाडली. म्हणून बटनाला लावून बगितली, तर पोटात कायतरी दळाया लागली. शिटी पन मारली."

सगळे आत धावले. पाटावर, तांदळाच्या राशीवर, सहासष्टचं मशीन झाकलेलं बसलं होतं. समोर समई, कापडावर हळद-कुंकू. आणि पिवळ्या कापडाच्या आतून, धूसर पण स्पष्ट, लाल सहासष्ट पेटलेलं होतं.

हिरामणचे डोळे भरून आले. "चालू झालं," तो म्हणाला. "कमरू, आपसूक चालू झालं रे."

"आपसूक नाय. बटण तू दाबलेलंच ठेवलेलंस. आत कायतरी सुटलेलं असणार, रस्त्यात आपटून आपटून जाग्यावर बसलं," कमरुद्दीन म्हणाला. "पण दळतंय काय ते बघायला लागल."

आता आजी आडव्या आल्या. पाटावर बसवलेल्याला असं कसं उठवायचं? बरं दिसतं का ते? आणि घरच्यांना काय सांगायचं? हिरामणनं त्यांना फोर एटी सिक्स म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. कमरुद्दीननं त्याला हातानं थांबवलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा पाव्हणा गाडीत बसलाय. चुकून माझ्या घरी चहाला आला होता. त्याला आत घेऊ द्या. हा दुसरा पाव्हणा आजारी हाय, ह्याला इथंच ओटीवर तपासतो."

पाहुणा दारात ताटकळलाय म्हटल्यावर आजींचा प्रश्नच मिटला. मशीन उठलं, बाप्पा बसले, आजींनी दोन्हीकडे हात जोडले आणि चहाचं आधण ठेवलं.

ओटीवर वर्तमानपत्र पसरून कमरुद्दीननं मशीन उघडलं. फ्लॉपीचा खण काढून उलटा धरला आणि आतून अक्षता ओघळल्या. लाल पडलेल्या, काळ्या पडलेल्या, किड्यांनी पोखरलेल्या, तीस खंडेनवम्यांच्या अक्षता. चांगल्या मूठभर भरल्या. आजींनी त्या घाईघाईनं ताटलीत गोळा केल्या, कारण अक्षता पायाखाली येता कामा नयेत. कमरुद्दीननं खण बसवून वायर पुन्हा लावली, आकडा पेटला. त्या गडबडीत पेंढ्याची एक काडी कॅबिनेटच्या पुढच्या पट्टीत अडकली, कमरुद्दीननं ती ओढली, आणि काडीबरोबर काहीतरी बारीक काळं टिचकन ताटलीत उडालं.

आकडा बदलला. सहासष्टचे पासष्ट झाले.

"गेलं!" हिरामण ओरडला. "एक मेगाहर्ट्झ गेलं. कमरू, काय केलंस? बंद कर, बंद कर."

कमरुद्दीनच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा भाव आला. तो ताटलीतल्या अक्षतांत बोट फिरवत राहिला. जोंधळ्याच्या दाण्याएवढं एक काळं टोपण त्याला सापडलं. ते त्यानं आकड्याच्या मागच्या बाजूला दोन बारीक खिळ्यांवर बसवलं. पुन्हा सहासष्ट.

"हा... हा वेग तू बोटानं वाढवलास?"

"वेग नाय तो, हिरामण." कमरुद्दीन खाली मान घालून म्हणाला. "तो नुसता दिवा हाय. आत काय चाललंय ते त्याला माहीतच नसतं. बांधणारा जो आकडा लावल तो दिसतो." आणि ते पटावं म्हणून त्यानं दोन टोपणं काढून दुसरीकडे बसवली. नव्व्याण्णव झाले.

शांती आजी कौतुकानं पुढे झुकल्या. "एकशेआठ व्हतील का रं बाबा?"

"दोनच आकडे मावतात आजी."

तीस वर्षं ज्या आकड्याच्या जोरावर हिरामण जगाशी भांडला, तो आकडा त्याच्यासमोर ओटीवर, चहाची वाट बघत, सुचेल तसा बदलत होता. त्यानं विचारलं, "मग आत किती हाय?"

"तेहतीस."

"आणि सहासष्टवाली चिप? तू मुंबईहून आणलेलीस. मी डबी बघितली होती."

"जळाली. माझ्याच हातानं." कमरुद्दीन टोपणं पुन्हा सहासष्टवर लावू लागला. "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. तू पत्रिका वाटायला गेलेलास. चिपचा एक कोपरा कापलेला असतो, तो खुणेवर धरून बसवायची असते. मी फिरवून बसवली. स्विच लावला, वास आला, संपलं. पत्रिकेवर तू सहासष्ट छापून मोकळा झालेलास. गावभर वाटलेल्या. मी तुला तोंड कसं दाखवणार होतो?"

"मग ही तेहतीसची कुठून आणलीस?"

कमरुद्दीन मान वर न करता झाकणाचा स्क्रू आवळू लागला, आणि हिरामणला एकदम आठवलं. त्या वर्षी कमरूकडे पण एक फोर एटी सिक्स होतं. स्वतः बांधलेलं, महिनाभरच चाललेलं. क्लास सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी तो रोह्याला गेला, तेव्हा ते टेबलावर नव्हतं. 'दम्मामच्या एका दोस्ताला देऊन टाकलं,' कमरू म्हणाला होता. आणि टेबलावर टीव्हीसमोर ते अरबी अक्षरांचं यंत्र आलं होतं.

"तुझ्यातली काढलीस," हिरामण म्हणाला.

"संध्याकाळच्या एसटीनं जाऊन आणली. दुसऱ्या दिवशी पोरं येणार होती ना."

"आणि मी तुला खेळणं म्हणालो."

"तू रोजच कायतरी म्हणतोस."

"मग दोन वर्षांपूर्वी का गेलास ग्रुप सोडून? तेव्हाच सांगायचंस तोंडावर."

"तेच सांगायला लागलो असतो, म्हणून सोडला," कमरुद्दीन म्हणाला. "लिहिलं पण होतं. मग पुसलं. सगळ्या पोरांसमोर तुझं सहासष्ट कशाला घालवू?"

आतून चहा आला. हिरामणनं कप तसाच खाली ठेवला. चुकलं हा शब्द इतके दिवस अडकून बसला होता. आता तो निघाला, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही निघालं. "चुकलं माझं, कमरू. तू जाऊ नको रे."

कमरुद्दीननं स्क्रूड्रायव्हर पुसून खिशाला लावला. "तिकीट काढलंय, हिरामण. आणि नात हाय तिथं." मग तो हसला. "वाद घालायला फोन हाय ना. तिथून पण ऐकू येतो म्हणतात."

संध्याकाळी मशीन घेऊन हिरामण पेणला आला. तत्पूर्वी तो कमरुद्दीनला रोह्याला सोडून मॉनिटर घेऊन आला होता, आमनाच्या हातचं जेवून आला होता, आणि निघताना कमरुद्दीनच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला होता. जनीला त्यानं सगळं सांगितलं, फक्त रडल्याचं सोडून. ती सुपात पोहे पाखडत होती. पाखडणं काही थांबलं नाही.

"मला माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"चिप जळल्याली. मी घरातच व्हते की. वास कसला म्हणून विचारलं तवा कमरूभाऊंनी सांगितलं. म्हणाले, वयनी, त्याला बोलू नका. आणि ह्या मशीनला जपा, ह्यात आता माझा जीव घातलाय." जनीनं सूप आपटलं. "म्हणून तर दरसाल अक्षता टाकीत व्हते. दुसऱ्याच्या जिवावर चालल्यालं मशीन त्ये."

तीस वर्षं. बायकोला माहीत, दोस्ताला माहीत, बहुधा गिरणीवाल्यालाही माहीत असणार. ठाऊक नव्हतं ते फक्त मालकाला.

शुक्रवारी विमान गेलं. रविवारी मेळावा झाला. मशीन कुरकुरलं, शिटी मारली आणि सुरू झालं. लाल सहासष्टसमोर पंचेचाळिशीतल्या विद्यार्थ्यांनी चपला बाहेर काढून फोटो काढून घेतले. हिरामणनं आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो कमरूचा आकडा होता, तो घालवायचा अधिकार त्याला नव्हता. पण शेवटी तो उभा राहिला आणि म्हणाला की पेण-रोह्यात आलेलं सगळ्यात भारी मशीन हे नाही. ते रोह्यात होतं, टीव्हीला जोडायचं, त्याच्यावर अरबी अक्षरं होती, आणि आता ते मस्कतला आहे. नमितानं तिथल्या तिथं कमरुद्दीनला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. हिरामणनं तेच वाक्य एका बोटानं, शुद्धलेखन तपासून, ग्रुपवरही लिहिलं.

दुपारी घरी येऊन धुतलेल्या शर्टात तो ओट्यावर बसून राहिला. फोन हातातच होता. कमरूला ते वाचून काय वाटेल, तो काय लिहील, म्हणून तो दर दोन मिनिटांनी ग्रुप उघडून बघत होता. बाराला उत्तर आलं नाही. एकलाही नाही. दीड वाजता फोन वाजला. मस्कतहून एकच ओळ होती.

'भारी कसलं? नात दोन मिनिटांत कंटाळली. खेळणंच होतं ते. भारी तुझं सहासष्ट.'

हिरामणचा चेहरा लाल झाला. "अवो, जेवाया या," आतून जनीनं हाक मारली. तिनं आज तीन कप विसळले होते.

"थांब गो," हिरामण चष्मा वर सरकवत म्हणाला. "खेळणं म्हणतोय. ह्याला आज सोडत नाय."